लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह

बारनिशीसाहेबांच्या हातून उभ्या नोकरीत एकही कागद हरवला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे सांगायचं आहे त्यात त्यांची थोडी शोभा होणार आहे, तेव्हा सुरुवातीला चार शब्द बरे बोलून घ्यावेत. बारनिशी म्हणजे ऑफिसातला तो कोपरा, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदावर नंबर पडतो. नंबर पडला नाही तर तो कागद आलाच नाही, असं धरतात. या कोपऱ्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर कोपरा सुटला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही. घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांच्या वळणदार अक्षरातलं लेबल होतं. साखरेच्या डब्यावर 'साखर' होतं, ते समजू शकतं. पण लेबलांच्या डब्यावर 'लेबले' असंही होतं.

त्यांच्या पत्नीला सगळी बिल्डिंग सिस्टर म्हणायची. तेहतीस वर्षं हॉस्पिटलात परिचारिका म्हणून काढल्यावर सिस्टरनी एक पुस्तक लिहायला घेतलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरच्या घरी शुश्रूषा कशी करावी, याचं. दोन बोटांनी टाइप करत चार वर्षांत दोनशे बारा पानं झाली. प्रकाशकाने सांगितलं होतं, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत फाइल आली तर या वर्षीच्या यादीत घेऊ, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. 'पुढच्या वर्षी बघू' या शब्दांचा अर्थ बारनिशीसाहेबांइतका कोणाला ठाऊक असणार? तो शेरा त्यांनी स्वतः शेकडो कागदांवर जाताना पाहिला होता, आणि त्यातला एकही कागद परत आलेला पाहिला नव्हता.

मंगळवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला नाही. म्हणजे दिवा लागला, कंपनीचं चिन्ह आलं, त्याखाली पांढरे ठिपके गोल गोल फिरू लागले, आणि फिरतच राहिले. सिस्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट समोर उभ्या राहिल्या.

"श्वास चालू आहे," त्या म्हणाल्या. "शुद्ध नाही."

मग परगावच्या मुलीला फोन लागला. ती कॉम्प्युटरमधलीच. तिने दोन-चार प्रश्न विचारले आणि सांगितलं, "आई, डिस्क ठीक असणार, कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली बिघडलीय. बूटेबल पेनड्राइव्ह बनवावा लागेल. म्हणजे पेनड्राइव्हवर एक फुकट मिळणारी नवी प्रणाली चढवायची आणि कॉम्प्युटर त्याच्यावरून उठवायचा. रविवारी येते तेव्हा करते. तुझं पुस्तक कुठेय?"

"लाल दोऱ्यात."

"मग काही काळजी नाही."

लाल दोऱ्यात म्हणजे असं, की घरात सारखे दिसणारे दोन काळे पेनड्राइव्ह होते. एक कोरा, टेबलाच्या खणात. दुसऱ्याला सिस्टरनी लाल दोरा बांधून तो कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला अडकवला होता, आणि दर रविवारी आठवड्याची पानं त्यात उतरवून ठेवायच्या. काल-परवापर्यंतचं सगळं पुस्तक त्यात होतं. तेव्हा खरं म्हणजे विषय इथेच संपला होता. पण फोन ठेवता ठेवता मुलगी म्हणाली, "आणि आई, बाबांना हात लावू देऊ नकोस." फोन स्पीकरवर होता.

बारनिशीसाहेबांनी चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. एकतीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे न झालेल्या माणसाला, त्याच्याच घरात, त्याच्याच मुलीने! सिस्टर म्हणाल्या, "पुस्तक शुक्रवारी दोऱ्यावरून जाईल, कॉम्प्युटर रविवारी पोरगी बघेल. तुम्ही आंघोळ करून घ्या." त्यांनी आंघोळ केली. पण तांब्या-तांब्यागणिक निश्चय पक्का होत गेला, आणि अंग पुसून बाहेर येताच त्यांनी वहीत विषय लिहिला: 'बूटेबल पेनड्राइव्ह तयार करणेबाबत.'

पहिला थांबा सार्वजनिक वाचनालयाची कॉम्प्युटर खोली. दोन्ही पेनड्राइव्ह त्यांनी एका पाकिटात घालून बरोबर घेतले, कारण मूळ कागद नेहमी हाताशी असावा. "लाल दोरा सोडू नका हं," सिस्टर दारातून म्हणाल्या. "छे," साहेब जिन्यावरून म्हणाले.

"बाहेरचा पेनड्राइव्ह चालत नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"परवानगीने चालत असेल."

"अर्ज करावा लागेल."

"कोणाकडे?"

"माझ्याकडे."

"मग तुम्ही समोरच आहात, मी तोंडीच—"

"लेखी. तीन प्रतींत."

बारनिशीसाहेबांना एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी खाली बसून तीन प्रती लिहिल्या, समास सोडून, विषय-संदर्भासकट. बाईंनी पहिली वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली आणि तिन्ही परत केल्या. "तिसऱ्या प्रतीवर तारीख नाही."

हा वार वर्मी बसला. हे वाक्य त्यांनी स्वतः इतक्या जणांना ऐकवलं होतं, की त्या सगळ्यांच्या वतीने बाई बोलताहेत असा त्यांना भास झाला. रागवावं तर बाईंचं बरोबर होतं. त्यांनी निमूट तारीख घातली. मग अर्जावर नंबर पडला, शिक्का बसला, आणि मुलीने फोनवर सांगितलेली ती फुकट मिळणारी प्रणाली उतरू लागली. दोन तास चाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात त्यांनी वाचनालयाच्या नोटिसांमधल्या चार चुका काढून एका चिठ्ठीवर बाईंना दिल्या. बाईंनी चिठ्ठीवर नंबर घातला.

प्रणालीची ती फाइल कोऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करून साहेब घरी आले, तो कॉम्प्युटरला लावला आणि बटण दाबलं. चिन्ह आलं. ठिपके फिरू लागले. पेनड्राइव्ह लावल्याची दखलसुद्धा कोणी घेतली नाही.

तळमजल्यावर टेलर राहतो. त्याच्याकडे भरतकामाचं कॉम्प्युटरवालं मशीन आहे, आणि त्या मशिनला नक्ष्या पेनड्राइव्हवरून द्याव्या लागतात, म्हणून या विषयात बिल्डिंगमध्ये त्याच्याइतका जाणकार कोणी नाही. त्याने तोंडातल्या टाचण्या काढून सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, तुम्ही फाइल नुसती ठेवलीत आत."

"मग? आहे की आत. मी दोनदा बघितली."

"कापड कपाटात ठेवलं म्हणजे शर्ट होत नाही. ती फाइल बेतून पेनड्राइव्हवर लिहावी लागते. त्याचा वेगळा प्रोग्राम असतो. माझ्या मशीनवर नाही जमायचं, वरच्या लाइनमनकडे लॅपटॉप आहे बघा."

वरचा लाइनमन हा वीज कंपनीतून निवृत्त झालेला, मनाने मोठा, पण जगातल्या कुठल्याही बिघाडाचं कारण अर्थिंग आहे अशी त्याची श्रद्धा. एकदा साहेबांना शिंका येत होत्या तेव्हाही त्याने गिझरचं अर्थिंग बघून दिलं होतं. लॅपटॉप त्याला सुनेने हवामान बघायला दिला होता. त्याने तो आनंदाने टेबलावर मांडला, आणि साहेबांनी टेलरच्या सांगण्याप्रमाणे वाचनालयातली फाइल आधी लॅपटॉपवर उतरवून घेतली. पेनड्राइव्ह काढून दुसऱ्याच्या शेजारी ठेवला. प्रोग्रामही मिळाला. सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि नेमकं सुरळीत चाललं होतं म्हणूनच बारनिशीसाहेबांना आठवलं, की एवढं महत्त्वाचं काम आपण बिनलेबलाचं करत आहोत. खिशात लेबलं होतीच. एकावर 'पुस्तक' लिहिलं, एकावर 'प्रणाली'. पण पुस्तकाच्या पेनड्राइव्हवर लेबल सरळ बसेना, दोरा मध्ये येत होता. सरकारी कामात दोरा फायलीला असतो, वस्तूला नाही, असं म्हणत त्यांनी तो सोडून खिशात टाकला. लेबलाला मागून डिंक लावायला ते वळले, तेवढ्यात लाइनमन म्हणाला, "एक मिनिट हं, लॅपटॉपच्या बॉडीला करंट येतो का बघतो." त्याने दोन्ही पेनड्राइव्ह उचलले, लॅपटॉपला आणि टेबलाला टेस्टर टेकवून टेकवून समाधान करून घेतलं, आणि ते परत जागेवर ठेवले. म्हणजे त्याच्या मते जागेवर. डावीकडचा उजवीकडे झाला आणि उजवीकडचा डावीकडे. साहेबांनी वळून दोन्ही लेबलं लावली, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला, आणि 'प्रणाली' लॅपटॉपला खोचला.

प्रोग्रामने विचारलं: या ड्राइव्हवरची सगळी माहिती कायमची पुसली जाईल. पुढे जायचं?

साहेबांनी खात्री करून घेतली. खात्री म्हणजे लेबल वाचलं. स्वतःच्या अक्षरावर अविश्वास दाखवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी 'होय' दाबलं, तेव्हा लाइनमनच्या भिंतीवरच्या घड्याळात चारचे ठोके पडले.

काम फत्ते झालं. आता फक्त समाधानापुरतं बघावं म्हणून त्यांनी 'पुस्तक' खोचला. आत पुस्तक नव्हतं. आत वाचनालयातली ती एक जाडजूड फाइल होती.

साहेबांनी तो पेनड्राइव्ह काढला, परत लावला, फुंकर मारून लावला. फाइल तीच. चार वर्षं, दोनशे बारा पानं, दर रविवारचं ते दोन बोटांचं टकटक, सगळं त्यांनी आपल्या हाताने, लेबल लावून, पुसलं होतं. आता पुस्तक राहिलं होतं ते फक्त खालच्या मजल्यावर बेशुद्ध पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये.

"झालं?" लाइनमनने विचारलं.

"झालं," साहेब म्हणाले. हे खोटं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी जे केलं त्याचं समर्थन करता येणार नाही, आणि तेही करत नाहीत. 'पुस्तक'चं लेबल खरवडून काढलं, त्या पेनड्राइव्हला लाल दोरा बांधला आणि तो गुपचूप खिळ्याला अडकवला. आता दोरा होता त्यात पुस्तक नव्हतं, आणि पुस्तक होतं त्यात प्रणाली होती. सिस्टर स्वयंपाकघरातून आल्या. खिळ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

"हात धुवा," सिस्टर म्हणाल्या आणि न्हाणीघरात गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या तोंड धुऊन.

बुधवारी सकाळी साहेब कॉम्प्युटरपुढे बसले. सिस्टरनी स्टूल ओढून शेजारी ठेवलं, मांडीवर मटारचं ताट घेतलं, आणि टेबलावर पाण्याचा पेला बशीने झाकून ठेवला. काय चाललंय, कसं चाललंय, एक अक्षर विचारलं नाही. तेहतीस वर्षं वॉर्डात राउंड घेतलेली बाई अशी गप्प बसली की साहेबांना घाम फुटायचा.

"तुला काही काम असेल ना आत," ते म्हणाले.

"हेच आहे," सिस्टर म्हणाल्या आणि एक शेंग सोलली.

अडचण अशी होती, की कॉम्प्युटर सवयीने आपल्या डिस्कवरूनच उठायचा. पेनड्राइव्हवरून उठ म्हणून सांगायचं तर चिन्ह दिसल्यावर एक विशिष्ट बटण दाबावं लागायचं, आणि त्याला मुदत होती दोन सेकंद. ज्या माणसाने आयुष्यात कुठल्याही कागदाला सात कामाच्या दिवसांखाली हात लावला नाही, त्याला दोन सेकंद! शिवाय कीबोर्डवर टेलरकडून शिवून घेतलेलं कव्हर होतं, त्याच्यावरून नेमकं बटण सापडेपर्यंत ठिपके फिरू लागायचे. कव्हर काढायचं साहेबांना सुचलं ते अकराव्या प्रयत्नानंतर.

बाराव्या प्रयत्नाला लाइनमन आला. "तुम्ही बटण दाबा, मी स्विच टाकतो," तो म्हणाला. "एक, दोन, तीन!" साहेबांनी बटण दाबलं. घरात अंधारून आलं, पंखा मंदावत मंदावत थांबला, आणि खालून टेलर ओरडला. लाइनमनने जिन्यातला मेन स्विच काढला होता. "आधी सगळं बंद करून घ्यावं," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "अर्थिंग मोकळं होतं."

सतराव्या प्रयत्नाला यादी आली. साहेबांनी पेनड्राइव्हचं नाव निवडलं, एंटर मारलं, आणि पडद्यावर लाल चौकटीत उत्तर आलं. सही ग्राह्य नाही, सबब प्रवेश नाही, अशा अर्थाचं.

साहेब खुर्चीत मागे टेकले. इतकी वर्षं ते म्हणत आले होते, की सही जुळत नसेल तर प्रत्यक्ष मालक आला तरी कागद घेऊ नये. आता त्यांच्याच घरच्या यंत्राने त्यांचाच नियम त्यांना लावला होता. वाईट वाटलं, पण आतून कुठेतरी यंत्राबद्दल आदरही वाटला, हे कबूल करायला हवं.

गुरुवारी त्यांनी गॅलरीत जाऊन मुलीला फोन केला. "समजा," ते म्हणाले, "समजा एका गृहस्थांच्या कॉम्प्युटरने पेनड्राइव्हची सही नाकारली—"

"बाबा, काय केलंत?"

"मी नाही. एक ओळखीचे आहेत. ऑफिसातले."

"ऑफिसातले तुमचे ओळखीचे अजून टाइपरायटर वापरतात." मग ती जरा थांबली आणि तिने सांगितलं, की सुरुवातीच्या सेटिंगांमध्ये जाऊन सहीची सक्ती बंद करावी लागते, तेवढी एकच ओळ. "तेवढी एकच, बाबा. त्या ओळखीच्यांना सांगा, दुसरीकडे कुठे हात लावायचा नाही."

ती ओळ सापडली. पण ती बंद केल्यावर साहेबांना दिसलं, की आजूबाजूला अशा पुष्कळ ओळी आहेत, आणि कितीतरी परवानग्या विनाकारण चालू ठेवलेल्या आहेत. कोणी हिशेब ठेवतं की नाही? त्यांनी शेजारची एक अनावश्यक परवानगी बंद केली आणि साठवून बाहेर पडले. ती परवानगी कीबोर्डची होती. त्यानंतर कोणतंही बटण दाबा, कॉम्प्युटर ढिम्म. चूक दुरुस्त करायला कीबोर्ड हवा, आणि कीबोर्ड हवा तर चूक दुरुस्त करायला हवी, असा तो पेच पडला. असे पेच साहेबांनी पूर्वी इतरांना घातले होते, स्वतः त्यात पहिल्यांदाच सापडले.

तेवढ्यात सिस्टरचा फोन वाजला. प्रकाशक होता. "हो," सिस्टर म्हणाल्या. "उद्या पाच. येईल ना." ताटातल्या मटारांवरून त्यांनी हात फिरवला. "येईल," त्या पुन्हा म्हणाल्या, जरा हळू.

साहेब तडक उठून तळमजल्यावर गेले आणि टेलरला सगळं सांगून मोकळे झाले. दोऱ्यापासून ठोक्यांपर्यंत. टेलरने शिवण थांबवली.

"सिस्टरना सांगितलंत?"

"पुस्तक सापडलं की सांगतो."

"नाही सापडलं तर?"

साहेब समोरच्या टाचण्या एका रेषेत लावू लागले. त्यांचा चेहरा बघून टेलरने पुढे विचारलं नाही, स्क्रूड्रायव्हर उचलला आणि वर आला. "माझ्या मशिनचंही असंच होतं," तो म्हणाला. "पोटात एक बटणाएवढा सेल असतो. तो काढायचा, चहा प्यायचा, परत बसवायचा. सगळं विसरतं बिचारं." सेल काढला. सिस्टरनी न सांगता तीन कप चहा आणला. एक साहेबांना, एक टेलरला, आणि एक स्वतः घेऊन स्टुलावर बसल्या. चहा संपल्यावर सेल बसवला, आणि कीबोर्ड जिवंत झाला. पण कॉम्प्युटर बाकीचंही विसरला होता. तारीख, वेळ, आणि सहीची सक्ती बंद केल्याचंसुद्धा. टेलरला संध्याकाळपर्यंत कोणाचा तरी कोट द्यायचा होता. "सकाळी येतो साहेब," तो म्हणाला. "तोवर तुम्ही काही आवरू नका."

शुक्रवारी सकाळी नऊला सगळं पहिल्यापासून सुरू झालं. सहीची ओळ बंद, फक्त तेवढीच, टेलर बोट ठेवून उभा. मग चिन्ह, मग बटण (कव्हर काढलेलं), मग यादी. एंटर मारलं. लाल चौकट आली नाही. पडदा काळा झाला, बराच वेळ काळाच राहिला, आणि मग निळ्या रंगाचं एक स्वच्छ पान उघडलं. त्यावर दोनच पर्याय होते: 'न बसवता वापरून बघा' आणि 'बसवा'.

साहेबांचा हात 'बसवा'कडे गेला. अर्धवट काम त्यांना कधी आवडलं नाही.

"साहेब, कात्री खाली ठेवा!" टेलर ओरडला. "बसवलंत की डिस्कही धुऊन निघेल."

हात मागे आला. पहिला पर्याय निवडला गेला. डिस्क दिसली, डिस्कमध्ये फोल्डर, फोल्डरमध्ये 'शुश्रूषा'. साहेबांनी डोळे मिटून घेतले, आणि ते जरा ओले झाले होते हे टेलरने बघूनही बघितलं नाही. "मी निघतो," तो म्हणाला. "आता तुम्ही आणि तुमचं घर."

खिळ्यावरचा पेनड्राइव्ह काढून त्यात पुस्तक उतरवून झालं. पण यावेळी बारनिशीसाहेबांनी नावावर भरवसा ठेवला नाही. फाइल उघडली आणि पानं बघत खाली खाली गेले. बिछान्यातल्या रुग्णाची चादर कशी बदलावी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावं. चार वर्षं शेजारच्या खोलीत हे लिहिलं जात होतं आणि आपण एक ओळ वाचली नाही, हे त्यांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली. मग सातवं प्रकरण आलं: 'कबूल न करणारा रुग्ण'.

'हा रुग्ण बहुधा घरातला कर्ता पुरुष असतो. त्याला काहीही झालेले नसते. म्हणजे तो तसे सांगतो. पडला असेल तर बसलो होतो म्हणतो. गोळी चुकवली असेल तर पाकिटाची नीट घडी घालून ते परत डब्यात ठेवतो. त्याला काय केलेत असे विचारू नये. विचारल्यास तो खोटे बोलतो, आणि मग मूळ दुखण्यापेक्षा त्या खोट्याचा त्रास त्याला जास्त होतो. नातेवाइकाने स्टूल घेऊन जवळ बसावे. हाताला निवडण्या-सोलण्याचे काम घ्यावे, म्हणजे त्याला पहारा वाटत नाही. पाणी झाकून हाताशी ठेवावे. बहुधा दोन दिवसांत तो आपणहून सांगतो. सांगेल तेव्हा, मला माहीत होते, असे म्हणू नये.'

साहेबांनी मान वळवली. पाण्याचा पेला बशीने झाकलेला होता. स्टूल रिकामं होतं, सिस्टर आत गेल्या होत्या.

ते उठून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी मनात विषय-संदर्भासकट जुळवलं होतं, पण बाहेर पडलं ते असं: "मी तुझं पुस्तक पुसलं. मंगळवारी. दोरा सोडला, लेबल लावलं आणि पुसलं. आता परत सापडलंय. सगळं आहे, मी उघडून बघितलं."

सिस्टरनी हातातली शेंग ताटात ठेवली. "बसा," त्या म्हणाल्या.

साहेब बसले. "तुला माहीत होतं?"

"ते म्हणायचं नसतं."

"पण कसं?"

"गाठ," सिस्टर म्हणाल्या. "माझी गाठ चपटी असते, बँडेजची. खिळ्यावर फायलीची गाठ होती, आणि खाली तुमचा चेहरा. तशी गाठ पेशंटला टोचते."

साहेबांनी खाली बघितलं. "आणि नसतं सापडलं तर?"

सिस्टरनी ताट बाजूला सारलं. "मंगळवारी न्हाणीघरात जाऊन रडले मी," त्या म्हणाल्या. "नंतर म्हटलं, परत लिहीन. रुग्ण कुठे पळून जातोय? समोरच आहे."

साहेबांना हसावं की काय करावं कळेना. त्यांनी नुसता सिस्टरच्या हातावर हात ठेवला. हात मटाराच्या सालांनी हिरवा झालेला होता.

"पण सातवं प्रकरण चुकलं की हो माझं," सिस्टर म्हणाल्या. "दोन दिवस लिहिलंय मी. तुम्ही तीन लावलेत. दुरुस्त करायला हवं."

एवढं सगळं झालं तरी नोंदीचा प्रश्न आला की बारनिशीसाहेबांचा स्वाभिमान जागा व्हायचाच. "तीन कसे?" ते म्हणाले. "मंगळवार दुपारी चार ते शुक्रवार सकाळी दहा. पावणेतीन होतात."

"बरं. पावणेतीन लिहा."

ते गेले आणि त्यांनी आपल्या हाताने लिहिलं: 'बहुधा दोन दिवसांत, क्वचित पावणेतीन.' दुरुस्त केलेलं पुस्तक पेनड्राइव्हवर घेतलं आणि साडेअकराला लाइनमनच्या लॅपटॉपवरून ते प्रकाशकाकडे गेलं. "बघा," लाइनमन म्हणाला, "अर्थिंग मोकळं केल्याबरोबर कसं गेलं."

घरी आल्यावर सिस्टरनी फायलीची गाठ सोडून लाल दोरा मोकळा केला. पेनड्राइव्हच्या भोकातून तो ओवला, आणि गाठ आवळताना साहेबांनी न सांगता तिच्यावर बोट धरलं. गाठ चपटी बसली. साहेबांनी जरा घुटमळत खिशातून एक लेबल काढलं.

"लावू?"

"लावा की," सिस्टर म्हणाल्या. "पण आधी उघडून बघा."

साहेब परत कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले, पेनड्राइव्ह उघडला, पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं, सातवं प्रकरण पुन्हा एकदा पूर्ण वाचलं, आणि मग लेबल लावलं. दोऱ्यामुळे ते थोडं तिरकं बसलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.